उभ्याने करावयाचे काम आणि पादत्राणातील इनसोलची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

अध्यापन हा बैठा व्यवसाय आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वर्गातील तासिका, प्रयोगशाळेतील तीन-तीन तासांची प्रात्यक्षिके आणि सत्रान्त परीक्षांच्या काळातील पर्यवेक्षण यांचा एकत्र विचार केला, तर महाविद्यालयीन अध्यापकाचा कामाचा बराचसा काळ उभ्यानेच व्यतीत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी १४ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार सांगितला आहे. तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक तर एकाच दिवशी दोन किंवा तीन महाविद्यालयांत तास घेतात आणि मधला प्रवासही अनेकदा बसमध्ये उभ्यानेच करतात. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातील देवघेव विभागाचे कर्मचारी आणि प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षक यांची स्थिती याहून बिकट असते. रुग्णालयातील परिचारिका, वाहतूक पोलीस, कापड दुकानातील विक्रेत्या, उपाहारगृहातील वाढपी हे या प्रश्नाचे नेहमी सांगितले जाणारे मानकरी होत. परंतु त्या यादीत शिक्षकाचे नाव क्वचितच घेतले जाते.

या सर्वांची तक्रार सारखीच असते. सायंकाळी पाय भरून येतात, पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटतात, टाच ठणकते आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टाकणे नकोसे होते. त्यावर उपाय म्हणून अलीकडे पादत्राणात घालावयाचा आधारदायी तळ, म्हणजे इनसोल, सर्रास सुचविला जातो. औषधांच्या दुकानांतून, खेळसाहित्याच्या दालनांतून आणि ऑनलाइन बाजारातून तो दोन-तीनशे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंत मिळतो. त्यातील कोणता घ्यावा, कोणी घ्यावा, त्यापासून कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थिर उभे राहण्याचा भार :

चालण्यापेक्षा नुसते उभे राहणे अधिक थकविते, हा अनुभव जुना आहे. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा जनक मानला जाणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उभ्याने काम करणाऱ्या कारागिरांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. थोडा वेळ उभे राहणे हे दीर्घ चालण्यापेक्षा शिणविणारे का ठरते, हा प्रश्न त्याने उपस्थित केला आणि स्नायूंच्या अखंड ताणात त्याचे उत्तर शोधले. पायांतील फुगलेल्या शिरांचाही त्याने या संदर्भात उल्लेख केला. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने हे उत्तर मुळात योग्य ठरविले आहे.

चालताना पोटरीचे स्नायू आळीपाळीने आकसतात व सैल पडतात. त्या प्रत्येक आकुंचनाबरोबर खोल शिरांतील रक्त वर ढकलले जाते. शिरांमधील झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला कधीकधी दुसरे हृदय म्हटले जाते. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील शिरांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत चढतो; तोच माणूस चालू लागला की तो ३० मिलिमीटरच्या खाली येऊ शकतो. म्हणजे स्थिर उभे असताना हा पंप जवळजवळ बंद असतो, रक्त व द्रव खाली साचतात, घोटे सुजतात. त्याच वेळी तोल सांभाळण्यासाठी पोटरीचे, मांड्यांचे व कंबरेचे स्नायू अल्प प्रमाणात पण अविरत आकसलेले राहतात आणि त्यांना विश्रांतीची फट मिळत नाही. दीर्घकाळात या सवयीचा संबंध व्हेरिकोज व्हेन्सशी जोडला गेला आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ७,३०० हून अधिक कामगारांचा सुमारे १२ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रामुख्याने उभ्याने काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बैठे काम करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट आढळले. एका अभ्यासावरून अंतिम मत बनविणे योग्य नव्हे. तथापि उभे राहणे म्हणजे व्यायाम, या सोयीस्कर कल्पनेला त्याने धक्का दिला, हे निश्चित.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. रक्ताभिसरणाशी निगडित असलेल्या या साऱ्या त्रासावर इनसोल हा उपाय नव्हे. इनसोल पावलाखालील दाबाची वाटणी बदलतो. शिरांमधील रक्त तो वर चढवीत नाही. विक्रेते या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि ग्राहकाची फसगत तेथूनच सुरू होते.

पावलाची रचना व टाचदुखी :

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असून शंभराहून अधिक स्नायू, स्नायुबंध व अस्थिबंध त्यांना बांधून ठेवतात. या हाडांची मांडणी कमानीसारखी असते. पावलाच्या आतील बाजूची कमान सर्वांच्या परिचयाची आहे. बाहेरील बाजूस एक कमी उंचीची आणि चवड्याजवळ एक आडवी अशा आणखी दोन कमानी असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पडदा तळव्याखालून जातो. त्याला पादतल प्रावरणी म्हणतात. धनुष्याला जशी प्रत्यंचा, तशी कमानीला ही प्रावरणी. चालताना टाच उचलून बोटे वर वळली की ही प्रत्यंचा ताणली जाते आणि कमान आपोआप उंच व घट्ट होते. जे. एच. हिक्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९५४ मध्ये ही क्रिया रहाटाची उपमा देऊन विशद केली.

अनवाणी उभे असताना शरीराच्या भारापैकी सुमारे ६० टक्के भार टाचेवर व सुमारे २८ टक्के चवड्यावर येतो. मधला भाग व बोटे मिळून उरलेला अल्प भार वाहतात. टाचेखाली चरबीची एक नैसर्गिक गादी असते. ही चरबी लहान लहान कप्प्यांत बंदिस्त असल्याने दाबली तरी पसरत नाही. वयाची चाळिशी ओलांडल्यावर या गादीची लवचिकता हळूहळू कमी होते. ज्या वयात अध्यापकाकडे विभागप्रमुखपद, परीक्षा विभाग आणि नॅकची कागदपत्रे एकदमच येऊ लागतात, नेमक्या त्याच वयात टाचही कुरकुरू लागते. त्यात महाविद्यालयांतील फरशी शहाबादी, कोटा, मोझॅक किंवा व्हिट्रिफाइड, म्हणजे कोणतीही असली तरी कठीणच.

टाचदुखीचे सर्वांत प्रचलित कारण म्हणजे पादतल प्रावरणीचा विकार. आयुष्यात दहापैकी सुमारे एका व्यक्तीला तो केव्हा ना केव्हा होतो असे मानले जाते. त्याची खूण ठळक आहे. सकाळचे पहिले काही पाऊल अतिशय दुखतात, थोडे चालल्यावर आराम वाटतो आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी वेदना परत येते. क्ष-किरण चित्रात टाचेखाली काट्यासारखी हाडाची वाढ दिसली की रुग्णाला ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगितले जाते आणि तो धास्तावतो. वस्तुतः असे काटे कोणतीही वेदना नसलेल्या कित्येक व्यक्तींमध्येही आढळतात, तर तीव्र टाचदुखी असणाऱ्या अनेकांमध्ये ते नसतात. दुखण्याचे मूळ बहुतांशी प्रावरणीच्या टाचेजवळील टोकात असते. या विकाराबद्दलची दिलासादायक बाब अशी की, शस्त्रक्रियेशिवाय, साध्या उपायांनी, बहुसंख्य रुग्ण वर्षभराच्या आत बरे होतात.

इनसोल काय करू शकतो :

इनसोलचे कार्य दोन प्रकारचे असते आणि बाजारात या दोहोंची सतत गल्लत होते. पहिले कार्य मऊपणाचे. कठीण जमिनीचा दाब तो शोषून घेतो. दुसरे कार्य आकाराचे. टाचेला वाटीसारखी बैठक देऊन आणि कमानीखाली उंचवटा देऊन तो टाच व चवडा यांच्यावरील दाब पावलाच्या मधल्या भागाकडे वळवितो. पहिल्या प्रकारचा तळ बोटाने दाबला की खोल जातो. दुसऱ्या प्रकारच्या तळाला आपला स्वतःचा घाट असतो आणि तो शरीराच्या भाराखाली टिकतो. दुकानात हातात घेतल्यावर अतिशय लुसलुशीत वाटणारा जेलचा तळ हा पहिल्या प्रकारात मोडतो. तो क्षणभर सुखावतो, परंतु आठ तासांच्या उभ्या कामात पाऊल त्यात रुतून राहते आणि तोल सांभाळणाऱ्या स्नायूंचे काम वाढू शकते. गादीवर उभे राहून पाहिल्यास हे सहज लक्षात येते.

या उपायाच्या परिणामकारकतेबद्दल झालेले संशोधन संयमाने वाचावे असे आहे. ऑस्ट्रेलियात पादतल प्रावरणीच्या सुमारे १३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट होते : एकास निव्वळ दिखाऊ पातळ तळ, दुसऱ्यास तयार मिळणारा घट्ट तळ आणि तिसऱ्यास पावलाचा साचा घेऊन बनविलेला तळ. तीन महिन्यांनी खऱ्या तळांच्या दोन्ही गटांत हालचालींच्या क्षमतेत थोडी सुधारणा दिसली. मात्र बारा महिन्यांनी तिन्ही गटांत लक्षणीय भेद उरला नाही. तयार तळ व साचा घेऊन केलेला महागडा तळ यांच्यात तर कोणत्याच टप्प्यावर विशेष फरक आढळला नाही. याचा अर्थ इनसोल निरुपयोगी आहे असा नाही. दुखण्याच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे काम थांबविणे परवडत नाही त्या काळात, तो दिवस सुसह्य करतो. परंतु प्रथमच खरेदी करणाऱ्या सामान्य व्यक्तीने काही हजार रुपयांचा साचेबद्ध तळ घेण्याचे कारण नाही, एवढे यातून निःसंशय निष्पन्न होते.

पाठदुखीच्या बाबतीत निष्कर्ष अधिक रोखठोक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन पद्धतीच्या आढाव्यात, इनसोलमुळे पाठदुखी टाळता येते या दाव्याला आधार नसल्याचे, किंबहुना ती टळत नसल्याचा सबळ पुरावा असल्याचे नमूद केले आहे. वेष्टनावर ‘पाठ, गुडघे व कंबर यांना आराम’ असे छापलेले असले तर ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

आणखी एक समज तपासण्यासारखा आहे. ओला पाय जमिनीवर उमटवून ठशावरून सपाट, मध्यम किंवा उंच कमान ठरवावी आणि तदनुसार पादत्राण घ्यावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. अमेरिकेच्या भूदल, हवाईदल व मरीन दलातील प्रशिक्षणार्थींना पावलाच्या ठशानुसार धावण्याचे बूट देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासांत अशा निवडीमुळे दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. याउलट, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०६ सैनिकांना सहा प्रकारच्या इनसोलमधून स्वतःला सर्वाधिक सुखद वाटेल तो निवडावयास सांगितले. निवड व्यक्तीगणिक भिन्न ठरली, आणि चार महिन्यांनंतर स्वतः निवडलेला तळ वापरणाऱ्यांत इजा व वेदना यांचे प्रमाण इनसोल न वापरणाऱ्या गटापेक्षा कमी आढळले. पावलाचा ठसा हा संकेत म्हणून उपयुक्त आहे, निर्णय म्हणून नाही. निर्णय पावलाला वाटणाऱ्या सुखावर सोडणे शास्त्राला धरूनच आहे. सपाट पाऊल असूनही कसलाही त्रास नसणाऱ्याने केवळ ठसा पाहून कमानीला उंचवटा देणे हे तर अनावश्यकच होय.

साहित्य व घडण :

बाजारात प्रामुख्याने ईव्हीए फोम, पॉलियुरेथेन, सिलिकॉन जेल, बूच आणि चामडे यांचे तळ मिळतात. ईव्हीए हलका व स्वस्त असतो, पण सततच्या भाराखाली कालांतराने दबून बसतो. पॉलियुरेथेन किंचित जड असले तरी अधिक काळ मूळ जाडीला परत येते. बुचाचा तळ आरंभी कठीण भासतो आणि काही आठवड्यांत वापरणाऱ्याच्या पावलाचा घाट घेतो. दिवसभर उभे राहणाऱ्यासाठी मध्यम घट्ट फोमचा वा बुचाचा पाया, त्यावर काही मिलिमीटर जाडीचा मऊ थर, टाचेस खोलगट वाटी आणि कमानीखाली अंगठ्याने जोर देऊनही पूर्ण न दबणारा उंचवटा, ही घडण सामान्यतः समाधानकारक ठरते. चुंबक बसविलेले तळ वेगळ्या कोणत्याही गुणामुळे वेदना कमी करतात याला विश्वसनीय पुरावा नाही. टोकदार उंचवट्यांचे ‘अ‍ॅक्युप्रेशर’ तळ उभ्या कामासाठी तर टाळावेतच. दाब पसरविणे हा इनसोलचा हेतू असताना ते नेमके उलट काम करतात.

चवड्याखाली, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी जळजळ होत असल्यास बदामाच्या आकाराची एक छोटी गादी वापरतात. ती दुखऱ्या जागेखाली बसविण्याची चूक जवळजवळ सर्वजण करतात. तिची योग्य जागा दुखऱ्या हाडांच्या किंचित मागे, टाचेच्या दिशेने असते. मागील भाग उचलला गेला की पुढील हाडांवरचा भार उतरतो. ती नेमक्या हाडाखाली ठेवल्यास वेदना वाढते आणि दोष मात्र इनसोलच्या माथी येतो.

निवडीची पद्धती :

इनसोलचा विचार पादत्राणापासून सुरू व्हावा लागतो. झिजलेल्या, मधोमध दुमडणाऱ्या, टाचेभोवती पोचट असलेल्या बुटात उत्तम तळही व्यर्थ जातो. बूट दोन्ही टोकांना धरून वाकविला असता तो बोटांच्या सांध्याजवळ वाकावा, मध्यभागी नव्हे. टाचेमागील भाग दोन बोटांनी चेपला असता सहज आत जाऊ नये. पाऊल दिवसभरात थोडे फुगते. त्यामुळे माप व खरेदी शक्यतो संध्याकाळी, काम संपल्यावर करावी. दोन्ही पावले सहसा अगदी सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप प्रमाण मानावे आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळीक ठेवावी.

नवा इनसोल जुन्यावर घालू नये. बुटातील मूळ तळ निघत असेल तर तो काढून, त्याच्या आकारात नवा कापून बसवावा. निघत नसेल तर चवड्यापर्यंत न पोहोचणारा, तीन-चतुर्थांश लांबीचा तळ घ्यावा. अन्यथा टाच वर उचलली जाऊन बुटातून निसटते आणि बोटे वरच्या चामड्याला घासतात. चालण्यापूर्वी काही मिनिटे नुसते उभे राहून पाहावे, कारण काम उभ्यानेच करावयाचे आहे. कमानीखालचा उंचवटा जाणवला तरी टोचता कामा नये. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग क्रमाने वाढवीत आठवडा-दोन आठवड्यांनी पूर्ण दिवस, असा सराव ठेवावा. परीक्षेच्या पहिल्याच दिवशी नवा तळ घालून तीन तासांच्या पर्यवेक्षणाला जाणे शहाणपणाचे नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही गुडघ्यात वा पावलात नवे दुखणे उद्भवत असेल तर तो तळ त्या पायासाठी नव्हे असे समजावे. रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभरात तळ बदलावा लागतो. अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहू लागला, की त्याचे आयुष्य संपले. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओला तळ बुटातच ठेवल्यास बुरशी धरते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तो रोज काढून वाऱ्यावर वाळविणे आवश्यक आहे.

आतापर्यंतचा विचार बूट गृहीत धरून झाला. महाराष्ट्रातील वास्तव वेगळे आहे. अनेक अध्यापिका साडीवर चप्पल किंवा सँडल वापरतात, अनेक अध्यापक उन्हाळ्यात चप्पलच पसंत करतात. २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभलेली कोल्हापुरी चप्पल टिकाऊ व देखणी आहे यात वाद नाही, परंतु तिचा तळ सपाट व कठीण असतो आणि तिच्यात वेगळा इनसोल थारत नाही. उंच टाचेच्या सँडलमध्ये भार टाचेवरून चवड्यावर सरकतो आणि पोटरीचे स्नायू आखूड स्थितीत राहतात. अशा वेळी ज्याच्या तळातच टाचेची वाटी व कमानीचा घाट घडविलेला आहे, अशी मागे पट्टा असलेली सँडल हा व्यवहार्य पर्याय ठरतो. मागचा पट्टा महत्त्वाचा आहे. तो नसेल तर चप्पल पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आवळावी लागतात.

घरातील अनवाणी वावर हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. घरात, निदान स्वयंपाकघरात व देवघरात, पादत्राण न घालण्याचा प्रघात आजही पाळला जातो. महाविद्यालयात उत्तम तळ वापरणारी अध्यापिका घरी आल्यावर ओट्यापाशी दोन तास कठीण फरशीवर अनवाणी उभी राहते आणि दिवसभराची काळजी तेथे वाया जाते. टाचदुखीच्या काळात केवळ घरातच वापरावयाची स्वच्छ, मऊ चप्पल वेगळी ठेवणे किंवा ओट्यासमोर जाड सतरंजी अथवा रबरी चटई घालणे, हे प्रघाताला फारसा धक्का न लावता करता येते.

मधुमेह व बधिर पाऊल :

निवडीचा निकष म्हणून सुखावर भिस्त ठेवावी असे वर म्हटले आहे. त्यास एक गंभीर अपवाद आहे. ज्या पावलाची संवेदनाच मंदावली आहे त्याचा कौल घेता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की मज्जातंतूंना इजा पोहोचून तळपाय बधिर होऊ लागतात. अशा व्यक्तीला बुटातील खडा, तळाची वळलेली कड वा टाचणी जाणवत नाही. फोड येतो, व्रण होतो आणि तो चिघळला तर पाऊल गमावण्यापर्यंत मजल जाते.

या प्रश्नावरील मूलभूत कार्य भारतातच झाले, ही बाब आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. तमिळनाडूतील कोल्ली डोंगररांगांत १९१४ मध्ये जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करीत होते. कुष्ठरोगात पावले रोगाने आपोआप सडत नाहीत. वेदना नसल्यामुळे एकाच जागी पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबाने ती जखमी होतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दाब पसरविणारे पादत्राण हाच मग उपचार ठरला. त्यातून सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजेच एमसीआरच्या, मऊ तळाची चप्पल भारतातील कुष्ठसेवेत रूढ झाली. वरचा तळ मऊ आणि खालचा कठीण, ही तिची रचना पुढे मधुमेही पावलांसाठीही स्वीकारली गेली. अनेक शहरांतील मधुमेह चिकित्सालयांत व पादत्राणांच्या निवडक दुकानांत एमसीआर चप्पल मिळते. बाजारातील चकचकीत वेष्टनातील तळापेक्षा ती दिसायला साधी असते, एवढेच.

मधुमेह असणाऱ्या अध्यापकाने इनसोल विकत घेण्यापूर्वी संवेदना तपासून घ्यावी. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून केली जाणारी ही तपासणी काही मिनिटांत होते व वेदनारहित असते. संवेदना कमी आढळल्यास कमानीचा घट्ट आधार किंवा टोकदार तळ स्वतःच्या मनाने वापरू नये. तेथे साचा घेऊन बनविलेल्या तळाचा खर्च सार्थ ठरतो. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरविणे आणि रात्री आरशात तळवे पाहणे, ही सवय कोणत्याही इनसोलइतकीच मोलाची आहे. याखेरीज, एकाच पोटरीला अचानक सूज व वेदना, टाचेला रात्रीही न थांबणारा ठणका, किंवा पावलाला मुंग्या येणे, ही लक्षणे दुकानदाराकडे नव्हे, डॉक्टरांकडे नेण्याची आहेत.

तळाबाहेरील उपाय आणि संस्थेचे दायित्व :

इनसोल हा व्यक्तीने स्वतःच्या खिशातून केलेला उपाय आहे. उभे राहण्याची सक्ती मात्र बहुधा संस्थेची असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती राखली गेली आहे. दुकानांतील नोकरवर्ग बराच काळ या संरक्षणापासून वंचित होता. केरळमध्ये कापड दुकानांतील स्त्री कर्मचाऱ्यांनी दीर्घ लढा दिल्यानंतर २०१८ मध्ये तेथील दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याचा हक्क मान्य झाला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. वर्गखोली हे दुकान नव्हे आणि कारखानाही नव्हे, त्यामुळे शिक्षकाचा प्रश्न अशा चर्चांत येत नाही.

परीक्षा पर्यवेक्षकाने बसून राहू नये अशी सर्वत्र अपेक्षा असते, आणि शारीरिक दृष्ट्या तिच्यात तथ्यही आहे. मात्र बसण्याला पर्याय म्हणून भिंतीला टेकून उभे राहणे हा सर्वांत वाईट होय. रांगांतून संथपणे फिरत राहिल्यास पोटरीचा पंप सुरू राहतो. थांबावेच लागल्यास दर काही मिनिटांनी दहा-पंधरा वेळा टाचा उचलून खाली टेकवाव्यात. फळ्याजवळ अथवा प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी १०-१५ सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट असेल तर एक पाय आळीपाळीने त्यावर ठेवता येतो आणि कंबरेवरील ताण हलका होतो. टाचदुखीत पोटरी व पादतल प्रावरणी यांना ताण देण्याचे व्यायाम इनसोलच्या बरोबरीने करावेत : सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून काही सेकंद धरावीत आणि असे दहा वेळा करावे. त्याने पहिले पाऊल कमी दुखते.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठी स्टूल असतात. परिचरासाठी बहुधा नसतो. ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीमागे उंच स्टूल आणि जाड रबरी चटई, सुरक्षारक्षकाच्या चौकीत खुर्ची, परीक्षागृहात दोन पर्यवेक्षकांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने आळीपाळीने बसण्याची मुभा, या गोष्टींना फारसा निधी लागत नाही. महाविद्यालय विकास समितीच्या एका बैठकीत त्या मंजूर होऊ शकतात. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला वैद्यकीय रजेचे वेतन मिळत नाही आणि टाच दुखते म्हणून बुडविलेला तास त्याच्या मानधनातून वजा होतो. त्यामुळे या सोयी कोणासाठी करावयाच्या, याचा क्रम लावताना त्याचे नाव प्राचार्यांच्या दालनापासून नव्हे, हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानापासून शोधावे लागेल.